भिंतीचे अठरा छापे

मला एका जागी बसवत नाही. वणीच्या शाळेत मी बाकावर बोटांनी ताल धरायचो आणि मार खायचो. वडील कोळसाखाणीच्या वजनकाट्यावर कामाला होते. दिवसभर ट्रकांची घरघर ऐकून आलेल्या माणसाला घरात शांतता लागायची, आणि मी घरात असलो की ती मिळायची नाही. दहावी झाल्यावर त्यांनी मला मामाच्या हवाली केलं.

मामा बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, विहाराच्या कमानीवरची अक्षरं, जयंतीचे फलक, ट्रकच्या मागच्या फळ्या, सगळं तो रंगवायचा. वीस फूट लांब ओळ लिहिली तरी शेवटचं अक्षर पहिल्याच्या उंचीचंच यायचं. "अक्षर उभं पाह्यजे," तो म्हणायचा. "दारू पेल्यावानी लिहू नोको."

माझी अक्षरं उभी राहायची नाहीत. चित्रं बरी यायची. म्हणून मामानं कामाची वाटणी केली: लिहिणं त्याचं, चित्र माझं. त्या वर्षांत चित्र म्हणजे कपाशीचं बोंड. कपाशीचे हाल दरवर्षी जास्तच होत होते, आणि बियाण्यांच्या कंपन्या दरवर्षी नव्या येत होत्या. प्रत्येकीला एसटी थांब्यासमोरची भिंत हवी असायची आणि शेजारच्या भिंतीवरच्या बोंडापेक्षा मोठं बोंड हवं असायचं. पेरणीच्या आधीचे दोन-तीन महिने आम्ही मोपेडला शिडी बांधून गावोगाव फिरायचो. घरधन्याला विचारायचं, त्याची भिंत चुन्यानं पांढरी करून द्यायची आणि मग तिच्यावर कंपनी चढवायची. भिंत फुकटात पांढरी होते म्हणून कोणी नाही म्हणायचं नाही. मी किती बोंडं काढली याचा हिशेब नाही. माझ्या एकाही बोंडाला कधी अळी लागली नाही.

अशाच एका उन्हाळ्यात माझी मावसबहीण नागपूरहून सुट्टीत आली. ती तिथं इंजिनिअरिंगला होती. तिच्याकडे वॉकमन होता आणि त्यात हॉस्टेलच्या मैत्रिणीकडून भरून घेतलेली एक कॅसेट होती.

"दादा, ऐकून पाहा. समजणार नाही, पण ऐक."

मी ऐकलं. खाली एक ठोका, त्यावर कुठल्याशा जुन्या गाण्याचा तुकडा, दोन-तीन सुरांचाच, पुन्हा पुन्हा येणारा. आणि वर एक माणूस श्वास न घेता बोलत होता.

"हे गाणं हाय का भांडण?"

"दोन्ही," ती हसली. "हिपहॉप म्हणतात याले."

शब्द एकही कळला नाही, पण अंगाला कळलं. आमच्या वस्तीत जयंतीला गायनपार्ट्यांचा सामना लागायचा. तिथं ढोलकीवर असाच एक गायक शब्दावर शब्द रचत जायचा आणि समोरच्याला दम घेऊ द्यायचा नाही. मी लहानपणी मांडवाच्या बांबूला धरून ते ऐकलेलं. बहिणीनं मला समजावलं, की हे गाणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांकडे वाद्यं नव्हती, जुन्या तबकड्या होत्या. दुसऱ्याच्या गाण्यातला आवडीचा तुकडा कापायचा, तोच फिरवत ठेवायचा आणि त्यावर आपलं बोलायचं. त्यांच्यातलेच काही जण शहरातल्या भिंतींवर मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहायचे.

"कोणाले विचारून?"

"कोणालेच नाही. पोलीस मागं लागायचे."

मला हे फार लागलं. मीही दुसऱ्यांच्या भिंतींवरच जगत होतो, पण माझं नाव कुठंच नव्हतं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत मामाची सही असायची आणि रंगाच्या दुकानाचा फोन नंबर.

वॉकमन ती माझ्याकडे ठेवून गेली. मी तो कमरेला लावून शिडीवर चढू लागलो. ब्रश ठोक्यावर चालायचा. मामा खालून ओरडायचा, "डोकं काहून हालवून राह्यला बे? पडशील ना!"

बाभुळगावकडच्या एका गावात एसटी थांब्यासमोर एक चांगली लांब भिंत मिळाली. घरधनी ओट्यावर होता, त्यानं लगेच हो म्हटलं. नेमका त्या दिवशी मामा तापानं घरी झोपलेला होता. मी एकटाच. भिंतीला चुना मारून वाळू दिला आणि कॅसेट लावली. त्या दुपारी माझ्या हातानं जे केलं ते मी आधी ठरवलं नव्हतं. बोंड एकदा काढलं, मग तेच थोडं सरकवून दुसऱ्यांदा, आणखी सरकवून तिसऱ्यांदा. कंपनीचं नाव जाड, फुगीर, एकमेकांवर रेललेल्या अक्षरांत लिहिलं. लाल, पिवळा, काळा. थांब्यावर उतरलेली माणसं उभी राहून पाहत होती. शिडीखाली उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "हे बोंडं नाचून राह्यले का बावा?" मला इतका आनंद झाला, की घरी परत येताना मोपेडवर मी मोठमोठ्यानं गात होतो.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस जीपमधून आला आणि त्यानं मामाला बोलावून घेतलं. "हे वाचता येतंय का कोणाला?" एवढंच तो म्हणाला. मामानं माझी अक्षरं चुन्यानं बुजवली आणि वर कंपनीचं नाव उभ्या, नीट अक्षरांत लिहिलं. नाचणारी तीन बोंडं मात्र राहू दिली. परतीच्या वाटेवर म्हणाला, "तुले नागपूरले जाऊन काई शिकायचं असंल तं जा. इथं हे चालत नाही."

शिकायला जाणं जमलं नाही, पण पावसाळ्यात कामं थांबली की मी बहिणीकडे जाऊ लागलो. एकदा ती मला एका चित्रप्रदर्शनाला घेऊन गेली. तिथं छापचित्रं होती. प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीनं लिहिलेलं, सात भागिले पंचवीस, बारा भागिले पंचवीस. मला वाटलं, परीक्षेसारखे गुण दिलेत. तसं मी बोलूनही दाखवलं. जवळ उभ्या असलेल्या बाई हसल्या. चित्रं त्यांचीच होती.

"एका साच्यातून मी पंचवीसच छापे काढते," त्यांनी सांगितलं. "हा त्यातला सातवा."

"अन् सव्विसावा पाह्यजे असला तं?"

"नाही मिळणार. पंचवीस झाले की साच्यावर मी आडवी रेघ कोरते. मग तो कामाचा राहत नाही."

"सोताच्या हातानं?"

"स्वतःच्याच हातानं."

आपण केलेली गोष्ट आपणच थांबवायची, हे मला कधी सुचलंच नसतं. माझं बोंड कुठं थांबत होतं? जितक्या भिंती तितकी बोंडं. त्या दिवसापासून मला वणीत करमेना. मामाबरोबर जायचो, काम करायचो, पण कामात मन नव्हतं. चिडचिड व्हायची. एकदा मामाचा रंगाचा डबा माझ्या हातून सांडला आणि मीच त्याच्यावर ओरडलो.

मग ते वर्ष आलं. बाभुळगावकडच्या त्या पट्ट्यात आमच्याच भिंतींवरचं बियाणं फसलं. झाडं कमरेएवढी वाढली, पण बोंडं धरेनात आणि धरली ती गळून पडली. तालुक्याला मोर्चे निघाले. कंपनीचा माणूस कुठं दिसेना. दिवाळीनंतर एके दिवशी रंगाच्या दुकानात आमच्यासाठी फोन आला. मीच घेतला. पलीकडे एक बाई बोलत होत्या. भिंतीच्या कोपऱ्यातला नंबर वाचूनच त्यांनी फोन लावला होता.

"भाऊ, थांब्यासमोरच्या भिंतीवर तुमीच लिहिलं ना? मंग आता तुमीच पुसून द्या."

मामा म्हणाला, "आपलं काम लिहायचं. पुसायचं कंपनीचं." मी ऐकलं नाही. तारेचा ब्रश, पत्र्याच्या पट्ट्या, रॉकेलचा डबा पिशवीत घातला आणि एसटीनं गेलो.

त्या बाई गावच्या अंगणवाडीच्या सेविका होत्या. चाळिशीच्या, डोक्यावर पदर, बोलणं तुटक. ओट्यावरच मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "गावात साऱ्याचंच बियाणं फसलं. आमचंही फसलं. पण एसटीतून उतरलेला माणूस माह्याच भिंतीकडं पाह्यते. लोकं इथं उभं राहून शिव्या देतेत. कंपनीले देतेत, समजते मले. पण मी घरात बसून आयकतो ना."

बोलता बोलता त्या "मी आयकतो" म्हणाल्या. आमच्याकडे जुन्या वळणाच्या बाया असंच बोलतात. मी मान खाली घातली.

"पूर्ण पुसून द्या. काई राह्यलं नाही पाह्यजे," असं सांगून त्या अंगणवाडीत निघून गेल्या.

ऑइल पेंट सहज निघत नाही. रॉकेल लावून घासलं, पट्टीनं खरवडलं, तेव्हा पापुद्रे सुटू लागले. मामाची उभी अक्षरं आधी पडली. त्याखालचा चुना निघाला आणि त्याच्याखाली माझी अक्षरं दिसू लागली. रेललेली, फुगीर, अर्धीमुर्धी. शेजारी तीन बोंडांची चिंध्यांसारखी झालेली कडा. दाराच्या बाजूला गेरूनं काढलेला एक बाण आणि काही आकडे होते. घरोघरी येणारे आरोग्याच्या मोहिमेवाले करतात तशी खूण. तिच्यावरही रंगाचे शिंतोडे उडालेले होते.

मी थांबलो. कॅसेटमधल्या गाण्यासारखंच होतं ते सगळं. जुने तुकडे, एकावर एक, तुटलेले आणि तरी ठोक्यात बसलेले. पिशवीत बटर पेपर होता, अक्षरं उतरवून घ्यायला आम्ही तो नेहमी ठेवायचो. तो भिंतीला लावून मी जे दिसलं ते सगळं उतरवून घेतलं. अक्षरं, कडा, बाण, आकडे. मग मात्र ठरल्याप्रमाणे भिंत घासून काढली आणि दोन हात चुना मारला. बाई आल्या तेव्हा भिंत कोरी होती. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि मला जेवायला बसवलं. बटर पेपर पिशवीत गुंडाळलेला होता. त्याबद्दल मी एक शब्द बोललो नाही.

यवतमाळला लग्नपत्रिका छापणारा माझा एक मित्र होता. लग्नसराई संपली की त्याचं दुकान रिकामं. मी त्याच्याकडे महिनाभर मुक्काम ठोकला. लाकडी चौकटीला ताणलेल्या जाळीतून रबराच्या पट्टीनं रंग कागदावर उतरवायचा, हे काम त्यानं मला शिकवलं. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. मी चार केल्या. काळी अक्षरं, लाल बोंडं, पिवळ्या चिरा आणि शेवटी गेरूचा बाण. पहिल्या दिवशी सगळं एकमेकांत मिसळून चिखल झाला. मग मी वॉकमनचा आवाज वाढवला आणि ठोक्याला ठोका रबर ओढत गेलो. जाड कागदाचे फक्त अठरा ताव मला मिळाले होते, म्हणून अठरा छापे. खाली पेन्सिलीनं एक भागिले अठरा, दोन भागिले अठरा लिहिताना ऊर भरून येत होता.

अठरावा वाळत घातल्यावर मी ब्लीचिंग पावडर कालवली आणि चारही जाळ्या धुवायला घेतल्या.

"अरे, काय करून राह्यला?" मित्र धावत आला. "अजून शंभर निघतीन याच्यातून!"

"म्हणूनच," मी म्हणालो.

"येडा हायेस तू."

जाळ्या पांढऱ्या झाल्या, त्यांच्यावरची चित्रं गेली. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केल्यासारखं वाटत होतं. ते सुख चार दिवस टिकलं.

पहिला छापा त्या भिंतवाल्या सेविकाबाईंना द्यायचा, असं मी ठरवलं होतं. त्यांना आवडेल याबद्दल मला शंकाच नव्हती. त्या घरीच होत्या. तांदूळ निवडत होत्या. मी कागद उलगडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे माही भिंत हाय."

"हो."

"मी तं पुसून द्या म्हटलं होतं. छापून द्या नव्हतं म्हटलं."

मी काहीतरी बोलू लागलो. कला, आठवण, पुरावा, असलेच मोठे शब्द. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि त्या बाणावर बोट ठेवलं.

"हे कोणं लिहिलं, माहीत हाय?"

"मोहिमेवाल्यांनी."

"मोहिमेवाली मीच हावो. गावातल्या साऱ्या दारावर मीच लिहितो. हे माहं अक्षर हाय, अन् हा माह्या घराचा नंबर. असे किती कागद काढले?"

"अठरा."

"म्हंजे आणखी सतरा घरी माहं घर जाईन? अन् तिथंबी लोकं त्याच्याकडं पाह्यतीन?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "पहिल्या वक्ती तुमी मालकाले विचारून गेले, मी घरी नव्हतो. या वक्ती तं कोणालेच नाही विचारलं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. कागद गुंडाळून मी उठलो. एसटीत बसलो तरी पाय सारखे हलत होते, शेजारचा माणूस वैतागून दुसऱ्या सीटवर गेला. आधी राग त्यांचाच आला. एवढं कष्टानं केलेलं काम, आणि यांना नंबर दिसतो! यवतमाळ येईपर्यंत राग उतरला. वणीला पोचेपर्यंत नुसती लाज उरली.

आठवडाभर मी छाप्यांना हात लावला नाही. छापे वाळल्यावर मी ते नागपूरला नेऊन दाखवले होते आणि छापचित्रवाल्या बाईंनी ते आपल्या पुढच्या प्रदर्शनात ठेवायचं कबूल केलं होतं. मावसबहिणीला मी सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "दादा, तुला ज्यांचं गाणं आवडते, त्यांनीही कोणाले विचारलं नव्हतं."

"त्यांनी सोताचं नाव लिहिलं होतं," मी म्हणालो. "मी बाईच्या घराचा नंबर लिहिला."

आठव्या दिवशी मी अठराही छापे घेऊन परत त्या गावी गेलो. सेविकाबाई अंगणवाडीत होत्या, लेकरांची खिचडी आटोपलेली. मी सगळे कागद सतरंजीवर पसरले.

"बाई, तुमी सांगा काय करू. फाडा म्हणाल तं इथंच फाडतो."

त्यांनी एकेक कागद हातात घेतला. कुठं रंग कमी उतरला होता, कुठं रेघ सरकली होती, ते त्यांना माझ्याआधी दिसलं. "हे बोंडं तेच का, नाचणारे?" त्यांनी विचारलं. "आमच्या सासऱ्याले लय हासू येत होतं याचं." शिडीखालचा तो म्हातारा त्यांचा सासरा होता, आणि तो दोन वर्षांपूर्वी गेला होता. हे मला तेव्हा कळलं.

सगळे पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "फाडू नका. पण माहा नंबर तेवढा काढा."

नंबर काढायचा कसा? जाळ्या मीच धुतलेल्या. नवीन छापणं शक्य नव्हतं. मी तसं सांगितल्यावर त्या उठल्या, कोपऱ्यातल्या डब्यातून कालवलेला चुना वाटीत घेऊन आल्या. अंगणवाडीच्या ओट्याला लावायला आणलेला. दोन बोटं वाटीत बुडवली आणि पहिल्या कागदावरच्या बाणावरून फिरवली. पांढरा फराटा. मग दुसऱ्यावर. घाई नव्हती. कुठं फराटा लांब गेला, कुठं नुसता अंगठ्याचा ठसा, एका ठिकाणी चुन्याचा थेंब बोंडावर ओघळला आणि त्यांनी "अरे द्येवा" म्हणत तो पदरानं टिपला. मी कागद पुढे सरकवत होतो. माझ्याच चित्राला दुसऱ्याचा हात लागत होता आणि मला तो अडवावासा वाटत नव्हता.

सतरा झाले. अकरा नंबरचा त्यांनी बाजूला काढला. त्यात गेरू फिका उतरला होता.

"हा माह्यापाशी राहीन. याच्यावरचं राहू द्या, घर माहंच हाय."

नागपूरला सतरा छापे लागले. येणारे लोक त्या पांढऱ्या फराट्यांपाशीच थांबायचे. एकानं विचारलं, ही तुमची शैली आहे का? मी म्हणालो, हा माझा हात नाही, आणि ज्यांचा आहे त्यांनी नाव सांगू नका म्हटलंय. छापचित्रवाल्या बाई चष्मा लावून प्रत्येकाजवळ गेल्या. "आता हे एकसारखे राहिले नाहीत," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे यांना छाप्यांचा संच म्हणता येणार नाही."

"मंग काय म्हणू?"

"अठरा चित्रं म्हण, त्यांच्याकडचं धरून. आणि खालचे आकडे खोडू नकोस."

पुढच्या दोन वर्षांत फ्लेक्स आले आणि भिंतींची कामं बंद पडली. मामानं ब्रश धुऊन ठेवले आणि किराणा दुकान टाकलं. त्याच्या दुकानाची पाटीही फ्लेक्सची आहे. मी उमरखेडच्या एका खासगी शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो, दोन वर्षांत कंटाळलो, सोडून दिलं, पुन्हा वणीला आलो. छापे काढतो. कधी बारा, कधी वीस. काढून झाले की जाळी धुतो. दरवेळी धुताना आणखी काही काढायला हवे होते असं वाटतं, आणि दरवेळी धुतो.

मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूर रस्त्यावर कोळशाचा एक ट्रक उभा होता. मागच्या फळीवर कोणीतरी हातानं एक मोर काढलेला, अर्धा कोळशानं खाल्लेला. पाहताक्षणी माझ्या डोक्यात ठोका सुरू झाला. ड्रायव्हर सावलीत बसून कांदा फोडत होता. मी त्याला विचारलं, हा मोर उतरवून घेऊ का?

"कायले?"

मी सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, कांद्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "नोको. माह्या पोरीनं काढला हाय तो."

मी बरं म्हणालो आणि निघालो. घरी पोचेपर्यंत बोटं शिवशिवत होती. आठवणीतून तो मोर काढला का? काढला. त्याच दुपारी काढला, तीनदा काढला. छापला मात्र नाही.